मायन्याखालची कोरी जागा

ख्रिसमस कार्ड निघालं तेच मुळात लिहिणं टळावं म्हणून. 1840 साली ब्रिटनमध्ये एका पेनीत देशात कुठंही पत्र पाठवायची सोय झाली आणि लोक एकमेकांना भरभरून लिहायला लागले. ही सोय उभी करण्यात ज्यांचा हात होता, त्यांतला एक हेन्री कोल. डिसेंबर आला की त्याच्याच टेबलावर पत्रांचा ढीग साचायचा आणि उत्तर न देणं म्हणजे तर असभ्यपणा. शेवटी 1843 च्या नाताळात त्यानं जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याच्या हजारेक प्रती छापल्या. मधोमध प्याले उंचावणारं कुटुंब, दोन्ही बाजूंना गरिबांना अन्नवस्त्र देणारी माणसं आणि सोबत छापील शुभेच्छा. कोऱ्या जागा फक्त दोन. वर ज्याला पाठवायचं त्याचं नाव, खाली पाठवणाऱ्याचं. नाव घाला, सही करा, पेटीत टाका.

म्हणजे कार्डात 'आपलं स्वतःचं काहीतरी' लिहिणं हे त्या वस्तूच्या मूळ हेतूच्या विरुद्धच आहे. तरी लोक लिहीत राहिले. छापील ओळीखाली, समासात, मागच्या बाजूला, जिथं जागा मिळेल तिथं. हे दोन-चार ओळींचं लेखन आयुष्यात एकदाही कविता न केलेल्या माणसांनीही केलेलं आहे. मराठीत पत्रांचा मान मोठा आहे. साने गुरुजींची 'सुंदर पत्रे' आपण वाचतो, जी. ए. कुलकर्णींच्या पत्रांचे खंड जपून ठेवतो, सुनीता देशपांडे यांच्या 'प्रिय जी. ए.'वर बोलतो. पण कार्डातल्या दोन ओळींना मात्र 'उपचार' म्हणून सोडून देतो. मला हा निकाल घाईचा वाटतो. हा एक लेखनप्रकार आहे, त्यात चांगलं-वाईट असतं, आणि एखादा संदेश का चांगला हे नीट सांगता येतं. ते सांगायचा हा प्रयत्न आहे.

शेंद्र्यातला डिसेंबर

या लेखनप्रकाराशी माझी ओळख झाली ती शेंद्र्यात. छत्रपती संभाजीनगरहून जालना रोडनं निघालात की विमानतळ, चिकलठाणा मागं टाकून शेंद्रा एमआयडीसी लागते. गाव जुनं, मांगीरबाबाच्या यात्रेसाठी ओळखलं जाणारं. 2001 साली इथं स्कोडाचा कारखाना सुरू झाला, आणि मोसंबी-कापसाच्या या पट्ट्यात झेक आणि जर्मन माणसं दिसायला लागली. पुढं शेंद्रा-बिडकीनची ऑरिक नगरी आली, आणखी कंपन्या आल्या. मी ज्या कंपनीत होतो ती लहान होती. गाड्यांना लागणारे छोटे भाग बनवायची, त्यातले बरेच युरोपात जायचे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शहरातल्या प्रेसमधून कार्डांचं खोकं यायचं. बाहेर सोनेरी घंटा, आत इंग्रजीत छापील शुभेच्छा, खाली कंपनीचा लोगो. माझं अक्षर बरं म्हणून खोकं माझ्या टेबलावर. सूचना एवढीच, की 'प्रत्येकात एक पर्सनल लाइन टाक.'

पर्सनल लाइन म्हणजे काय, तर नमुन्याची यादी तयार होती. 'आपल्यासोबत काम करणं हा आमचा सन्मान आहे.' 'येत्या वर्षात आपले संबंध अधिक दृढ होवोत.' ही वाक्यं वाईट नव्हती. व्याकरण चोख, सूर नम्र. फक्त ती कुणालाही चालली असती. म्युनिकच्या खरेदी अधिकाऱ्याचं कार्ड चुकून प्रागच्या इंजिनिअरला गेलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता.

एका दुपारी टूलरूममधले एक सीनियर काका आले. वर्षभरापूर्वी एक जर्मन इंजिनिअर दोन आठवडे त्यांच्याबरोबर डायवर काम करून गेला होता. काका म्हणाले, "त्याचं कार्ड आहे का यात? मी सांगतो तसं लिही." आणि उभ्या उभ्या सांगितलं, "लिही, डाय अजून तू सांगितलं तसंच सेट करतो. तुझ्या डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा घरी केला की बायको तुझं नाव काढते. पुन्हा आलास तर डबा तुझ्यासाठी एक जास्तीचा." मी ते इंग्रजीत उतरवलं. ठेचा हा शब्द तसाच ठेवला, कारण त्याला दुसरा शब्द नाही आणि त्या माणसाला तो माहीत होता. काकांनी खाली मराठीत सही केली.

त्या खोक्यातल्या सगळ्या कार्डांत हा एकच मजकूर असा होता, की ज्याचा पत्ता बदलता येत नव्हता. समीक्षेतली माझी पहिली कसोटी तिथून आली. संदेश लिहून झाला की मनात त्यावरचं नाव बदलून बघायचं. मजकूर तसाच चालला, तर तो अजून कुणाला लिहिलेला नाही.

पण त्या दुपारची आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. काकांच्या संदेशातला एकही इंग्रजी शब्द काकांचा नव्हता. वाक्यं मी रचली. तरी तो संदेश माझा झाला नाही, काकांचाच राहिला. मुंबईत जीपीओसमोर बसून निरक्षर कामगारांची पत्रं लिहून देणारे लेखनिक असायचे. त्यांच्या हातून गेलेलं पत्र गावी वाचलं जायचं तेव्हा ते त्या लेखनिकाचं कुणी मानत नसे. तेव्हा 'स्वतःच्या शब्दांत लिहा' हा शाळेपासूनचा उपदेश मला या बाबतीत अपुरा वाटतो. शब्द कुणाचे याला फारसं महत्त्व नाही. आठवण कुणाची, याला आहे.

छापील ओळीची बाजू

इथं कुणी म्हणेल, मग छापील शुभेच्छा हव्यातच कशाला? साच्याला नावं ठेवणं सोपं असतं. आपल्याकडे तर साचा ही पत्रलेखनाची पहिली पायरी होती. शेंद्र्याहून शहर ओलांडून पलीकडे गेलात की दौलताबाद लागतं, म्हणजे यादवांची देवगिरी. तिथला मंत्री हेमाडपंत. परंपरा त्याच्या नावावर मोडी लिपी घालते, तसंच 'मेस्तक'ही घालते. मेस्तक म्हणजे दप्तरी लेखनाची नियमावली. त्यात कुणाला कोणता मायना लिहायचा, याचे नियम. मायना म्हणजे पत्राच्या सुरुवातीचं ठरीव संबोधन. वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्याला 'चिरंजीव', प्रतिष्ठिताला 'राजमान्य राजेश्री'. मग 'कृ. सा. न. वि. वि.', म्हणजे 'कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष'. शेवटी 'कळावे, लोभ असावा, ही विनंती'.

गंमत बघा. आंतरराष्ट्रीय टपालाच्या जुन्या नियमांत ख्रिसमस आणि नववर्षाची कार्डं छापील कागदाच्या स्वस्त दरानं पाठवता येत, पण एका अटीवर. हातानं लिहिलेला शुभेच्छांचा मजकूर पाच शब्दांपेक्षा जास्त नको, किंवा मग रूढ अशी पाच आद्याक्षरं. त्याहून जास्त लिहिलंत तर ते 'पत्र' झालं, पूर्ण दर भरा. आपलं 'कृ. सा. न. वि. वि.' मोजा. बरोब्बर पाच. टपालखात्याच्या लेखी हा सगळा साष्टांग नमस्कार फुकटात बसला असता. नियम करणाऱ्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. उपचार कुठं संपतो आणि पत्र कुठं सुरू होतं, याची एक रेघ असते. त्यांनी ती शब्द मोजून आखली, एवढंच.

साच्याचं काम दारापर्यंत नेऊन सोडायचं असतं. संक्रांतीला आपण छोटी कार्डं पाठवायचो, आत चिमूटभर तिळगूळ. त्यावर दरवर्षी तेच, 'तिळगूळ घ्या, गोड बोला.' हे वाक्य उसनं आहे म्हणून कुणी कधी नाराज झालं नाही. भांडलेल्या जावांना एकमेकींच्या दारात उभं राहायला तेच वाक्य पुरायचं. नवं काही सुचेपर्यंत थांबल्या असत्या तर संक्रांत निघून गेली असती. छापील ओळ सुरुवातीचा संकोच स्वतःच्या अंगावर घेते. शुभेच्छा तिनं देऊन टाकलेल्या असतात. म्हणून खालच्या कोऱ्या जागेत पुन्हा शुभेच्छा द्यायची गरज नसते, तिथं दुसरं काही लिहायला आपण मोकळे असतो. बहुतेक फसलेले संदेश इथंच फसतात. छापील ओळ जे सांगून चुकली, तेच आपल्या अक्षरात पुन्हा सांगतात.

मात्र साचा निरागस नसतो, हेही बघायला हवं. आपला मायना माणसाला हाक मारायच्या आधी त्याची पायरी ठरवायचा. बाई सधवा असेल तर 'सौ.', नवरा गेला की दुसऱ्या दिवसापासून 'गं. भा.'. म्हणजे भावानं बहिणीला खुशालीचं पत्र लिहिलं तरी पहिल्या दोन अक्षरांत तिला तिचं वैधव्य वाचायला लागायचं. पुरोहिताला 'वेदशास्त्रसंपन्न', आणि गावकुसाबाहेरच्या माणसासाठी मानाचा मायनाच नाही. इंग्रजी कार्डातलं 'डियर' आपल्याला कोरडं वाटतं, पण ते सगळ्यांना सारखंच लागतं, हा त्याचा मोठा गुण आहे.

आणि साचा आतून वाकवताही येतो. सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आपल्याकडे आहेत. त्यांतलं शेवटचं 1877 च्या दुष्काळात ओतूरहून लिहिलेलं. मायन्याचा ढाचा तोच, नमस्कार तोच. पण नवऱ्याला संबोधताना त्यांनी विशेषण निवडलं 'सत्यरूप'. 'तीर्थरूप' या घासून गुळगुळीत झालेल्या शब्दाशेजारी हा शब्द ठेवून बघा. एक भाग बदलला आणि सगळं नातं दिसलं. हा नवरा पूज्य आहे तो पतिपणामुळं नाही, सत्यशोधनामुळं. वैयक्तिक संदेशाला फार जागा लागत नाही, याचा याहून चांगला मराठी दाखला मला माहीत नाही.

चांगदेवाचा कोरा कागद

कार्ड उघडून समोर ठेवलंय, पेन हातात आहे आणि काहीच सुचत नाही, हा अनुभव सगळ्यांचा आहे. मराठीत या अवस्थेची एक जुनी कथा आहे, आणि तीही आपल्याच भागातली. पैठण-आपेगावच्या ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेव योग्याला त्यांना पत्र लिहावंसं वाटलं. लिहायला बसला आणि मायन्याशीच अडला. 'तीर्थरूप' लिहावं तर समोरचा पोरगा. 'चिरंजीव' लिहावं तर तो ज्ञानानं मोठा. शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाईनं तो बघून टोमणा मारला, की इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी उत्तर लिहिलं. पासष्ट ओव्या. तीच 'चांगदेव पासष्टी'.

ही कथा आपण चांगदेवाच्या फजितीची म्हणून ऐकतो. लेखनाच्या बाजूनं पाहिलं तर ती मायन्याच्या फजितीची आहे. तू माझ्याहून वर की खाली, हा प्रश्न सुटेपर्यंत चांगदेवाला बोलताच येईना, कारण त्याच्याकडच्या साच्यात दुसरा प्रश्नच नव्हता. आजही कार्डापुढं आपण अडतो ते बहुधा असंच. बॉसला लिहितोय, जास्त सलगी तर नाही ना? दुसऱ्या धर्माच्या मित्राला लिहितोय, काही चुकणार तर नाही ना? लक्ष सगळं आपण कसे दिसू याकडे. मग सुरक्षित म्हणून एखादं स्टिकर. चांगदेवाचं एक मात्र मानायला हवं. सुचलं नाही तर त्यानं कोरा कागद पाठवला, कुणाचा तरी फॉरवर्ड पाठवला नाही. आणि कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर आलं.

बर्फ नसलेला नाताळ

'दुसऱ्या धर्माच्या मित्राला' असं वर लिहिलं, त्यावर जरा थांबू. मराठवाड्यात नाताळ हा काही कार्डांबरोबर आलेला पाहुणा नाही. 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगिजांकडून येऊन मराठीत इतका मुरलाय की कुणाला परका वाटत नाही. कोलचं कार्ड निघायच्या आदल्याच वर्षी, 1842 मध्ये, तेव्हाच्या अहमदनगरमधून 'ज्ञानोदय' सुरू झालं होतं. 1903 साली हेन्री डोरिंग या जर्मन धर्मगुरूनं नगर जिल्ह्यातून मराठी कॅथलिकांसाठी मासिक काढलं, त्याचं नाव ठेवलं 'निरोप्या'. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकातच बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं होतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तनं ख्रिस्ती उपासनेत आणली. म्हणजे इथला नाताळ टाळ-मृदंगाचा, दारावर टांगलेल्या कागदी चांदणीचा, केकबरोबर करंज्या-चकल्यांचा. बर्फ नाही, सूचिपर्ण झाडं नाहीत, रेनडियर तर नाहीच.

जालन्याच्या अशाच एका कुटुंबातला माझा एक मित्र आहे. शेंद्र्यात आम्ही एका शिफ्टला होतो. एका वर्षी ऑगस्टमध्ये त्याची आई गेली, आणि त्या डिसेंबरात त्याच्याकडे नेहमीपेक्षा जास्त संदेश आले. त्यांतले तीन त्यानं मला दाखवले, आणि त्यांच्याबद्दल लिहायला परवानगीही दिली.

पहिला व्हॉट्सॲपवरचा. बर्फातून धावणारी घसरगाडी, चमचमती अक्षरं, खाली कुठल्या तरी बिल्डरची जाहिरात. आमच्याच ग्रुपमधल्या सात जणांनी तो पाठवला होता. याच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तो दारावरची बेल वाजवून निघून जातो.

दुसरा लांबलचक. पाठवणारा सुशिक्षित, मनानं चांगला. त्यात प्रेम, क्षमा, बंधुता, सर्व धर्मांची शिकवण एकच असल्याचं सांगणारा परिच्छेद, भारताच्या विविधतेचा गौरव, आणि शेवटी 'तुम्हां ख्रिस्ती बांधवांना' शुभेच्छा. यातला शब्दही खोटा नाही. पण मित्र म्हणाला, "हा वाचून मला वाटलं मी स्टेजवर उभा आहे आणि माझा सत्कार चाललाय." मला हे त्या वर्षी ऐकलेलं सगळ्यात नेमकं समीक्षावाक्य वाटतं. लेखकानं माणसाला पत्र लिहायला घेतलं आणि समाजाला लिहून टाकलं. ज्याच्याबरोबर दहा वर्षं डबा खाल्ला, तो एका दिवसासाठी आपल्या धर्माचा प्रतिनिधी झाला. फॉरवर्ड निदान माणसाला न बघता निघून जातो. हा संदेश त्याच्याकडे बघतो आणि त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी पाहतो. म्हणून तो मला पहिल्यापेक्षा जास्त खटकतो. सद्भाव पुष्कळ असूनही लेखन फसू शकतं, आणि असं फसलेलं लेखन दाखवून देणं जास्त गरजेचं असतं, कारण त्याला कुणी चूक म्हणत नाही.

तिसरं कार्ड शेजारच्या काकूंचं. काकू हिंदू, आईची जुनी मैत्रीण. स्टेशनरीच्या दुकानात मिळतं तसलं साधं कार्ड, वर बर्फाचं घर, आत इंग्रजी छापील ओळ. त्याखाली बॉलपेननं मराठीत लिहिलं होतं. मायना 'चि.', मग मित्राचं घरातलं नाव. मग एवढंच: 'करंज्यांचं सारण यंदा कोण करणार, हे विचारायला जीभ रेटत नव्हती. मी 24 ला दुपारी येते. खोबरं किसून आणते. तू फक्त किल्ली ठेव.'

हा मजकूर जवळून वाचण्यासारखा आहे. यात 'दुःख' हा शब्द नाही. 'आईची आठवण' नाही. 'नाताळच्या शुभेच्छा'ही नाहीत, त्या वरच्या छापील ओळीनं दिल्यात. आई गेली हे सांगितलंय ते सारणाच्या प्रश्नातून. तो प्रश्न त्या घरात रोज सगळ्यांच्या मनात असणार आणि कुणी उच्चारत नसणार. 'जीभ रेटत नव्हती' या शब्दांत काकूंनी स्वतःचा संकोचही सांगून टाकलाय. चांगदेव अडला होता तशाच त्याही अडल्या होत्या, पण अडल्याचंच वाक्य करून पुढं गेल्या. आणि तो मायना. वर मी ज्याला पायऱ्यांचा साचा म्हटलं, त्यातलाच 'चि.' इथं वेगळं काम करतो. आई गेलेल्या पस्तिशीतल्या माणसाला अजूनही कुणीतरी 'चिरंजीव' म्हणणारं आहे, हे त्या एका अक्षरात आहे. दुसऱ्या संदेशात धर्माधर्मांतल्या बंधुतेवर परिच्छेद होता. या कार्डात तो विषय निघतच नाही, आणि खोबरं मात्र किसलं जातं.

शोकेसमध्ये उभं राहणारं पत्र

काकूंचं कार्ड मित्रानं हॉलमधल्या शोकेसमध्ये उभं करून ठेवलं होतं. यात या लेखनप्रकाराची आणखी एक अट दडलेली आहे. पत्र पाकिटात राहतं, कार्ड मांडलं जातं. घरी येणारा प्रत्येक जण ते उचलतो, उघडतो, वाचतो. ऑफिसात तर दोरीवर टांगतात. म्हणजे कार्डातला मजकूर एका माणसासाठी लिहायचा, पण चार माणसांच्या नजरेखालून जाईल हे धरून. आपल्याकडे पोस्टकार्डाला ही सवय होती. 1879 मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड भारतात आलं, आणि उघड्या कागदावर काय लिहायचं, काय नाही, याची रीत आपोआप घडत गेली. मृत्यूची बातमी पोस्टकार्डानं यायची, पण ते कार्ड घरात ठेवत नसत, वाचून फाडून टाकत. उघड्यावरची गोष्ट किती काळ उघडी राहू द्यायची, हेसुद्धा ठरलेलं होतं.

म्हणून 'फक्त त्यालाच लागू पडेल असं लिहा' ही माझी पहिली कसोटी एकटी पुरत नाही. माणसाचं ऑपरेशन, मोडलेलं लग्न, गेलेली नोकरी, या गोष्टीही फक्त त्यालाच लागू पडतात. त्या कार्डात लिहिल्या तर संदेश वैयक्तिक होईल आणि शोकेसमध्ये ठेवता येणार नाही. दुसरी कसोटी अशी, की मजकूर तिसऱ्यानं वाचला तर त्याला अर्थ लागावा, पण गुपित कळू नये. काकूंची करंजी पाहुण्याला करंजीच दिसते. टूलरूमच्या काकांचा ठेचा जर्मनीतल्या त्या ऑफिसात सगळ्यांनी वाचला असेल, पण डोळ्यांतलं पाणी एकालाच आठवलं असेल. साध्या वस्तूचं नाव घ्यायचं आणि बाकीचं दोघांत ठेवायचं. हे कसब आहे, आणि ते चांगल्या कवितेतल्या कसबापेक्षा फार वेगळं नाही.

आता यंत्र लिहून देतं

आता मुद्दा तुमच्या-माझ्या फोनमधला. 'मित्राची आई वारलीय, नाताळचा हृदयस्पर्शी संदेश लिहून दे' असं चॅटजीपीटीला सांगितलं की काही सेकंदांत सहा ओळी येतात. त्या वाईट नसतात. कंपनीच्या नमुन्याच्या यादीपेक्षा पुष्कळ बऱ्या असतात. पूर्वी भाषेचा गोडवा हाच थोडाफार पुरावा असायचा, की या माणसानं बसून कष्ट घेतलेत. तो पुरावा आता गेला. गोड वाक्य कुणालाही, कधीही, फुकट मिळतं.

काही जण यावर म्हणतात, मग मुद्दाम ओबडधोबड लिहा, चुका ठेवा, म्हणजे खरं वाटेल. मला ते पटत नाही. ओबडधोबडपणाही साचा होऊ शकतो, आणि यंत्राला तोही सांगून करवता येतो. यंत्राची मदत घेणं हे पापही नाही. टूलरूमच्या काकांसाठी मी जे केलं, ते काम आज यंत्र करील. फरक एवढाच बघायचा, की त्याच्याकडे आपण काय घेऊन गेलो. काका येताना ठेचा घेऊन आले होते. 'हृदयस्पर्शी लिहून दे' म्हणणारा रिकाम्या हातानं गेलेला असतो, आणि रिकाम्या हातानं गेलेल्याला यंत्र जे देतं ते सगळ्यांना देतं तेच. करंज्यांचं सारण यंत्राला सुचणार नाही असं मी म्हणत नाही. सुचेलही. पण 24 तारखेला दुपारी खोबरं घेऊन कोण येणार, हे ते तुमच्याऐवजी ठरवू शकत नाही.

यातून मला या लेखनप्रकाराची तिसरी आणि शेवटची कसोटी दिसते. चांगल्या संदेशात बहुतेक वेळा पुढची एखादी गोष्ट असते. डबा एक जास्तीचा असेल. मी दुपारी येते. लिहिणारा स्वतःला कशात तरी बांधून घेतो. 'येणारं वर्ष सुखाचं जावो' या वाक्यात कुणीच काही करायचं नसतं, सगळं वर्षावर सोपवलेलं असतं. त्याची जागा छापील ओळीत आहे आणि तिथं ते शोभतं. कोऱ्या जागेत मात्र आपण काय करणार, ते यायला हवं, भले ते फोन करणं का असेना.

कार्डं आता कमी झाली आहेत, टपालपेट्या तर शोधाव्या लागतात. पण कोरी जागा गेलेली नाही. फॉरवर्डच्या खाली एक चौकोन असतो, त्यात कर्सर लुकलुकत असतो, आणि बहुतेक जण तिथं काही न लिहिता पाठवायचं बटण दाबतात. हेन्री कोलला तेच हवं होतं. घसरगाडीचं चित्र खुशाल पाठवा, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. मात्र त्याखाली त्या माणसाला तुम्ही ज्या नावानं हाक मारता ते नाव लिहा, तुमच्या दोघांत घडलेली एक गोष्ट लिहा, आणि कधी भेटताय ते लिहा. तीन ओळी होतील. पाच शब्दांचा नियम मोडेल, आणि जुन्या हिशेबानं त्याला पत्राचा दर लागेल.